डोंगराची गाडी आणि बाजाराची वाट

घरात मोटार घ्यावयाची ठरली, की आजकाल तरुण मंडळींचे बोट बहुधा एकाच चित्राकडे जाते: उंच चाके, चौकोनी तोंड आणि पाठीवर टांगलेले जादा चाक. महिंद्रांची थार व मारुतीची जिम्नी ही या जातीची आपल्याकडील परिचित वाहने होत. वडील मंडळी तेलाचा खर्च विचारतात, मुले डोंगरदऱ्यांच्या सहली रंगवितात, आणि गृहिणी हळूच म्हणते, “भाजीच्या पिशव्या कोठे ठेवावयाच्या?” वाचकहो, यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत शहाणपणाचा आहे, असे आम्हांस वाटते.

या वाहनांचे कूळ थोर आहे, यात शंका नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू झाली, आणि पुढे जेथे सडक संपते तेथे सरकारी अंमलदारांना व डॉक्टरांना याच जीपने पोहोचविले. आजची थार त्या जीपचीच वंशज. तिची नवी आवृत्ती 2020 साली आली. ज्याचे शेत चिखलाच्या वाटेवर आहे, किंवा ज्यास सह्याद्रीतील पाड्यांवर पावसाळ्यातही जावे लागते, त्याने ती खुशाल घ्यावी. तेथे तिचा एकेक गुण कामास येतो.

परंतु आपले रोजचे जाणे कोठे? वडोदऱ्याच्या मराठी कुटुंबाचेच उदाहरण घेऊ. दांडिया बाजारातून निघावे, मुलांना शाळेत सोडावे आणि येताना खंडेराव मार्केटात थांबावे, हा त्यांचा नित्यक्रम. महाराज सयाजीरावांनी 1906 साली आपल्या दत्तक पित्याच्या नावे ही देखणी वास्तू उभारली. आज तेथे महानगरपालिकेची कचेरी आहे, आणि भाजी, फळे व फुले यांचा बाजारही भरतो. भोवती सायकली, रिक्षा, हातगाड्या आणि जमिनीवर पाटी मांडून बसलेल्या विक्रेत्या स्त्रिया.

अशा ठिकाणी तीन दारांची थार नेऊन पाहावी. तिची रुंदी 1820 मिलिमीटर, तर वॅगन आर 1620 मिलिमीटर. म्हणजे गर्दीतून जाताना जवळजवळ आठ इंच वाट जास्त हवी. आजींना मागे बसवावयाचे, तर पुढील आसन दुमडून उंच पायरी चढवावी लागते. मागील दार आडवे उघडते. पाठीशी कोणी स्कूटर लावली, की ते उघडण्यास जागा उरत नाही. उघडले, तरी आसनामागे पिशव्यांना जागा अगदी थोडी. जिम्नी 1645 मिलिमीटर रुंद व पाच दारांची असल्याने गल्लीत अधिक सोयीची. परंतु तीत माणसे चारच. 2024 साली आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्समध्ये पाच जण बसतात व सामानही मावते. मात्र तिची लांबी 4428 मिलिमीटर, आणि तेवढी जागा बाजाराच्या कडेस शोधावी लागते.

आता चारही चाकांच्या शक्तीविषयी. वळण घेताना पुढील चाकांस मागील चाकांपेक्षा लांबचा मार्ग कापावा लागतो. या गाड्यांत चारही चाके जुंपली, म्हणजे पुढील व मागील आस एकमेकांशी जखडले जातात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, आणि यंत्रास पीळ बसतो. म्हणून शहरात या गाड्या दोन चाकांच्या बळावरच चालवावयाच्या असतात. ज्या शक्तीसाठी पैसे मोजले, ती वर्षभर निजून राहते. 2023 च्या जानेवारीत केवळ मागील चाकांवर चालणारी थारही बाजारात आली. बऱ्याच ग्राहकांना डोंगर नको, डोंगराचा डौल हवा, हे कारखानदारांनी ओळखले, असेच म्हणावे लागेल.

कोणी म्हणेल, “पण विश्वामित्रीचा पूर?” प्रश्न रास्त आहे. 2024 च्या ऑगस्टात नदीची पातळी 35 फुटांच्या वर गेली आणि सखल वस्त्यांत दहा-बारा फूट पाणी चढले. थार 650 मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक पाण्यातून जाऊ शकते, तेही पाणी संथ असेल तर. तुंबलेल्या रस्त्यास एवढे पुरेसे आहे. महापुरात मात्र तिचा भरवसा धरणे जिवावर बेतेल. तेव्हा उंच गच्ची आणि वेळीच सोडलेले घर, हेच खरे तारू.

शेवटी, गाडीबाहेरच्या माणसांचा विचार. 2020 साली ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत थारला चार तारे मिळाले; आत बसणारे बरेच सुरक्षित आहेत. परंतु अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने 2023 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्यांचे नाक 40 इंचांहून उंच आहे, अशा वाहनांच्या धडकेत पादचारी दगावण्याचा संभव, 30 इंच वा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या नाकाच्या वाहनांपेक्षा सुमारे 45 टक्क्यांनी अधिक असतो. उंच व सपाट नाकापुढे खाली बसलेली भाजीवाली किंवा आईचा हात सोडून धावलेले मूल चालकास दिसेलच, असे नाही. आपल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी गाडी घेताना दुसऱ्याच्या मुलाचाही हिशोब त्यात धरावयास हवा. त्यावर पुढे लोखंडी कठडे बसविणे तर केंद्र सरकारने 2017 च्या डिसेंबरातच बेकायदा ठरविले आहे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याकडून ती गाडी तासभर चालविण्यास मागावी. मोकळ्या रस्त्यावर न जाता, सायंकाळी खंडेराव मार्केटकडे न्यावी. सोबत आजी असाव्यात, दोन मुले असावीत आणि भाजीच्या तीन भरलेल्या पिशव्या असाव्यात. एवढ्यानेही सर्वांचे मन प्रसन्न राहिले, तर गाडी अवश्य घ्यावी. नाही तर साधी मोटार घ्यावी, आणि वर्षातून एकदा डोंगरावर जाण्यासाठी डोंगराची गाडी भाड्याने आणावी.