शंका म्हणजे पाप नव्हे, क्षमा म्हणजे पांघरूण नव्हे

दादरला ‘पोर्तुगीज चर्च’ म्हटलं की बहुतेकींच्या डोळ्यांपुढे बसचा स्टॉप येतो. मंगळवारी सिद्धिविनायकाला निघालेल्या कितीतरी जणी त्याच्यावरूनच पुढे जातात. आत येणाऱ्या बायका देवाशी काय बोलतात, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. ख्रिस्ती धर्मातली पापाची कबुली आणि देवाची क्षमा यांबद्दल आपली माहिती बरीचशी हिंदी सिनेमातली. जाळीपलीकडे फादर, अलीकडे गुडघे टेकलेला नायक. पाप सांगितलं, माफ झालं, सुटला! ‘त्यांचं बरं आहे बाई,’ असंही मग आपण म्हणून टाकतो.

पण ते इतकं स्वस्त नाही. आणि हा प्रश्न फक्त ख्रिस्ती मैत्रिणींचाही नाही. मोह, शंका आणि क्षमा या तिन्ही गोष्टी प्रत्येकीच्या घरात नांदत असतात.

आधी मोहाचं बघू. मोह म्हटलं की आपल्याला दारू, पैसा, परपुरुष असलं काहीतरी आठवतं. बायबलमध्ये येशू चाळीस दिवस रानात उपाशी राहतो तेव्हा सैतान त्याला पहिल्यांदा काय सुचवतो? दगडांच्या भाकरी कर. म्हणजे सुरुवात भुकेपासून. मग देवळाच्या टोकावरून उडी मारून चमत्कार दाखव, आणि माझ्या पाया पड म्हणजे जगातली राज्यं तुझी. पोट, वाहवा आणि सत्ता. बायकांच्या वाट्याला या तिन्हींतला पहिला मोह सर्वांत जास्त येतो. डोक्यावरचं छप्पर जाऊ नये म्हणून मान डोलवण्याचा मोह.

हा मोह पंडिता रमाबाईंपुढे अगदी उघडपणे उभा होता. १८८२ मध्ये पती गेले, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. राहणं, शिकणं, मुलीचं संगोपन, सगळ्याला आधार तिथल्या मिशनच्या भगिनींचा. अशा वेळी शिकवतील त्याला ‘हो’ म्हणणं किती सोयीचं होतं! रमाबाई म्हणाल्या नाहीत. देव एक, मग त्याची तीन रूपं कशी? येशूला देव का मानायचं? धर्मगुरू सांगतात ते मला का बंधनकारक? सिस्टर जेराल्डिनना त्यांनी पत्रांवर पत्रं लिहिली, वाद घातले. क्रुसावरची अक्षरं लॅटिनच का, आमच्या संस्कृतमध्ये का नकोत, असंही विचारलं. सिस्टर दुखावल्या. ही बाई गर्विष्ठ आहे, असा ठपकाही रमाबाईंवर आला. आपल्याकडे सनातनी मंडळी त्यांना धर्मबुडवी म्हणत होती आणि तिकडे पाळक मंडळी हट्टी म्हणत होती. दोन्हीकडे तक्रार एकच, ही बाई विचारते फार.

या शंकांनी त्यांची श्रद्धा बुडाली का? उलट झालं. ११ मार्च १८८९ ला त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केलं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढच्या आनंदीबाई कर्वे. सदन पुण्याला गेलं. तिथे मुलींना ख्रिस्ती करतात असा गदारोळ होऊन १८९३ मध्ये अनेकींना पालकांनी काढून नेलं. रमाबाई मागे हटल्या नाहीत. पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी सांगितलं आहे की, बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. देवाची क्षमा पुण्याईने कमवावी लागत नाही, ती दिलेली असते, हे त्यांना पटलं ते एवढ्या झगड्यानंतर. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन काढलं, ते या क्षमेच्या पोटीच. मरेपर्यंत त्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. आयुष्यभर प्रश्न विचारणारीच इतका मन लावून ग्रंथ वाचू शकते.

आता क्षमा. इथे मात्र बायकांनी जरा सावध राहायला हवं. ‘देव माफ करतो, तूही कर’ हे वाक्य घरोघरी कुणाला ऐकवलं जातं? मार खाणाऱ्या बाईला. मारणाऱ्याला ‘कबूल कर’ असं सांगणारे फार कमी भेटतात. दाखला दिला जातो तो येशूने पेत्राला सांगितलेल्या सात गुणिले सत्तर वेळा क्षमा करण्याचा. दाखला खरा आहे. पण लूकच्या शुभवर्तमानात येशू असंही सांगतो की, भावाने अपराध केला तर त्याला आधी खडसाव आणि त्याला पश्चात्ताप झाला तर क्षमा कर. खडसावणं आधी येतं! जकातदार जक्कयही येशू घरी आला म्हणून नुसता रडत बसला नाही. ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत देईन म्हणाला. आणि व्यभिचाराच्या आरोपावरून पकडून आणलेल्या स्त्रीच्या गोष्टीत येशूने आधी दगड घेतलेल्या पुरुषांना आरसा दाखवला, मग तिला दोषी न ठरवता जा म्हटलं.

म्हणजे क्षमेच्या आधी सत्य लागतं. मनातला डूख काढून टाकणं वेगळं आणि पुन्हा त्याच हाताखाली पाठ देणं वेगळं. पहिलं देवाला आवडत असेल, दुसरं त्याने कुठेही मागितलेलं नाही. घरातल्या हिंसेविरुद्धचा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. त्याचा आधार घेणारी बाई कमी श्रद्धाळू ठरत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण आपल्यासमोर आहेच. नवऱ्याने १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यावर आभाळ कोसळलं. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, पाच वर्षं शंकांशी भांडून, स्वतःच्या पायांनी. नवऱ्याला त्यांनी माफ केलं, पण जे घडलं ते विसरल्याचं सोंग केलं नाही. ‘स्मृतिचित्रे’मध्ये सगळं लिहून ठेवलं, हसत हसत.

तेव्हा मैत्रिणींनो, चर्चमध्ये जा, देवळात जा, दर्ग्यात जा, नाहीतर कुठेच जाऊ नका. मनात शंका आली तर घाबरू नका आणि मुलीने विचारली तर तिला गप्प बसवू नका. कुणी क्षमेचा उपदेश करू लागलं, तर एवढंच विचारा: ज्याचा अपराध, त्याने तो कबूल केला का?