तुटलेली जोडणी आणि चालू पेढी

हिशेबाची वही ही व्यापाऱ्याच्या पेढीवरील सर्वांत प्रतिष्ठेची वस्तू होय. लाल कापडी बांधणीच्या चोपडीची जागा आज बहुतेक ठिकाणी संगणकाने घेतली आहे, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून तर लहान दुकानदारासही त्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. आपल्या कोलार रोडवर चुनाभट्टीपासून गोल जोडपर्यंत ज्यांची एकाहून अधिक दुकाने आहेत, अशा व्यापाऱ्यांची बिले आता तीन हातांतून जातात. पहिला हात गल्ल्यावरील संगणकाचा, दुसरा सर्व व्यवहार चालविणाऱ्या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचा आणि तिसरा प्रत्यक्ष वही सांभाळणाऱ्या डेटाबेसचा.

यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या हातांमधील जोडणी अधूनमधून तुटते. अशा वेळी दूरध्वनीवरून बहुधा एकच उपाय सांगितला जातो : ‘सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा.’ हा उपाय नसून दोषावर घातलेले पांघरूण आहे, आणि व्यापारी बंधूंनी ते यापुढे स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम कारण पाहू. डेटाबेसशी नवी जोडणी उघडण्यास वेळ लागतो. म्हणून सर्व्हर काही जोडण्या आधीच उघडून ठेवतो. पेढीच्या दाराशी चार हातगाड्या उभ्या असाव्यात, माल निघाला की एक घ्यावी व काम होताच परत लावावी, तशीच ही व्यवस्था. तिला ‘कनेक्शन पूल’ म्हणतात. मात्र उभ्या असलेल्या गाडीचे चाक शाबूत आहे की नाही, हे काही पूल सांगितल्याखेरीज तपासत नाहीत.

मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरात नसलेली जोडणी २८,८०० सेकंदांनी, म्हणजे ८ तासांनी, आपण होऊन बंद करतो. ही त्याची मूळची मर्यादा आहे. रात्री ९ वाजता बंद झालेले दुकान सकाळी १० वाजता उघडते, तोवर १३ तास लोटलेले असतात. पूलमधील जोडण्या रात्रीच मृत झालेल्या असतात, आणि सर्व्हर त्यांतीलच एक सकाळच्या पहिल्या ग्राहकासाठी काढून देतो. ‘पहिलेच बिल अडते’ या नित्याच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा एवढेच असते.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. डेटाबेस दूरच्या ठिकाणी असेल, तर वाटेतील फायरवॉल शांत पडलेली जोडणी कोणासही न कळवता विसरून जाते. दोन्ही टोकांस वाटते की जोडणी शाबूत आहे. लिनक्स प्रणाली अशा मूक जोडणीची पहिली चौकशी मूळ मांडणीनुसार ७,२०० सेकंदांनी, म्हणजे तब्बल २ तासांनी करते, आणि तीही आज्ञावलीने तशी मागणी केली असेल तरच. तोवर कोणी मजकूर पाठविलाच, तर तो पुनःपुन्हा पाठविण्यात सुमारे १५ मिनिटे जातात. तेवढा वेळ ग्राहक गल्ल्यापुढे तिष्ठत उभा राहणार नाही.

सर्व्हर पुन्हा चालू केला की सर्व जोडण्या नव्या होतात व काम सुरू होते. त्यामुळे रोग बरा झाल्याचा भास होतो. परंतु त्याच क्षणी इतर सर्व गल्ल्यांवरची अर्धवट बिले मोडतात. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी याची किंमत काय, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. आणि मूळ कारण जागच्या जागीच राहते.

खरे उपाय जुने व सर्वपरिचित आहेत. पहिला, जोडणी हाती देण्यापूर्वी तिला एक क्षुल्लक प्रश्न विचारून ती जिवंत आहे याची खात्री करावी व मृत असल्यास टाकून नवी उघडावी. जावा भाषेत २००६ पासून यासाठी स्वतंत्र सोय आहे. टॉमकॅट सर्व्हरच्या पूलमध्ये ती ‘टेस्ट ऑन बॉरो’ या नावाने मिळते. दुसरा, प्रत्येक जोडणीस डेटाबेसच्या व फायरवॉलच्या मर्यादेहून कमी आयुष्य द्यावे. हिकारी नावाच्या पूलमध्ये ते मुळातच ३० मिनिटे आहे. तिसरा, उत्तराची वाट किती सेकंद पाहावी हे बांधून द्यावे. चौथा, डेटाबेसच बंद पडला असेल, तर थोड्या थोड्या वाढत्या अंतराने पुन्हा प्रयत्न करावा. सर्वांनी एकदम दारावर धडका देऊ नयेत.

अशा तपासणीने काम मंदावते, असा आक्षेप घेतला जातो. सर्व्हर व डेटाबेस एकाच ठिकाणी असतील, तर त्या प्रश्नास सेकंदाचा हजारावा हिस्सा वा त्याच्या आसपासचा वेळ पुरतो. बिलाच्या कामात तो जाणवणारही नाही. काही जण ८ तासांची मर्यादाच वाढवून देतात; पण फायरवॉलला त्या वाढीशी काही कर्तव्य नाही. मात्र आज्ञावली जोडणी घेऊन परतच करीत नसेल, तर वरील कोणताही उपाय चालणार नाही. तो दोष आज्ञावली लिहिणाऱ्यानेच शोधून दुरुस्त केला पाहिजे.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. बिल नोंदविण्याची आज्ञा गेली आणि उत्तर येण्यापूर्वी जोडणी तुटली, तर बिल नोंदले गेले की नाही? नोंद पक्की होण्यापूर्वी तुटली असेल, तर डेटाबेस अर्धे काम रद्द करतो. परंतु नोंद पक्की झाली आणि केवळ उत्तर वाटेत हरवले, असेही घडते. तेव्हा डोळे मिटून पुन्हा आज्ञा दिली, तर एकाच मालाची दोन बिले होतात व साठा दोनदा घटतो.

हा पेच आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हता. हुंडी वाटेत गहाळ झाली की ते ‘पेठ’ लिहून देत, आणि तीही हरवली तर ‘परपेठ’. प्रत्येकीत मूळ हुंडीचा उल्लेख असे, जेणेकरून रक्कम एकदाच चुकती व्हावी. संगणकावरही हेच करावयाचे आहे. प्रत्येक व्यवहारास पाठविण्यापूर्वीच स्वतःचा क्रमांक द्यावा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास डेटाबेसने नवी नोंद नाकारावी. एवढी दक्षता घेतली, तर संपूर्ण व्यवहार निर्धास्तपणे पुन्हा पाठविता येतो. कराच्या नियमांप्रमाणेही बिलाचा क्रमांक एका आर्थिक वर्षात दुबार येता कामा नये, हे येथे ध्यानात ठेवावे.

सभासद बंधूंनी वार्षिक देखभालीचा करार करताना एक चाचणी अवश्य मागावी. वहीची प्रत सुरक्षित काढून घेऊन, वर्दळ नसलेल्या वेळी, गल्ले चालू असताना केवळ डेटाबेस बंद करून पुन्हा चालू करण्यास सांगावे. सर्व्हरला हात न लावता सर्व गल्ले एखाद्या मिनिटात आपोआप कामास लागले आणि एकही बिल हरवले वा दुबार झाले नाही, तर व्यवस्था उत्तम समजावी. तसे न घडल्यास वरील उपायांपैकी कोणता योजलेला नाही, हे आज्ञावली पुरविणाऱ्यास लेखी विचारावे आणि त्याची दुरुस्ती झाल्यावरच देखभालीचे देयक चुकते करावे. व्यापारात मालाची प्रत आपण पारखून घेतो. जिच्यावर आपली सारी वही विसंबून आहे, तिची पारखही तितक्याच कसोशीने व्हावी, एवढीच सर्व सभासदांस विनंती.