पगारचिठ्ठीवरचं नाव मोडू नका

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांना मी हजेरी आणि पगाराची सॉफ्टवेअरं करून देतो. निर्यातीच्या मालावरचं इंग्रजी लेबल इथे नीट छापलं जातं. मोडतोड होते ती कामगाराच्या हातातल्या मराठी चिठ्ठीची. एका कारखान्याच्या चिठ्ठीवर पत्त्याची ओळ ‘अक्कलक’वर संपली होती आणि खालच्या ओळीत सुटा ओकार नि ‘ट’ लटकत होते.

असं का होतं? ५८ मिलिमीटरच्या थर्मल प्रिंटरवर इंग्रजीची साधारण ३२ अक्षरं एका ओळीत मावतात. म्हणून प्रोग्रामर रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र लिहितो: ३२ चिन्हं मोज, तोड, पुढे जा. पण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अगदी पाय मोडल्याची खूणही वेगळी मोजली जाते. ‘अक्कलकोट’ची अक्षरं पाच, संगणकाच्या हिशेबात चिन्हं आठ. सहाव्यावर कात्री लागली की ओकार उघडा पडतो.

टॉवेलचं कापड मागावरून अखंड उतरतं, पण दोन टॉवेलांमध्ये लूप नसलेली सपाट पट्टी सोडलेली असते आणि कापणारा तिथेच कापतो. मजकुरात ती पट्टी म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा. सूत्राने आधी ती शोधावी. शब्दच ओळीपेक्षा लांब निघाला, तर अख्खं अक्षर उचलणारी खूण वापरावी: बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स. पर्ल, रूबी, जावामध्ये ती आहे. पायथॉनच्या मूळ ‘री’ मॉड्यूलमध्ये नाही, त्यासाठी ‘रेजेक्स’ वेगळं घ्यावं लागतं. आवृत्तीही ताजी हवी, कारण जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोड १५.१मध्ये, २०२३ साली आला. तो तेलुगूलाही लागू आहे. सोलापुरात अनेक कामगार तेलुगूभाषक आहेत, म्हणून हे फार मोलाचं. आणि ‘र’ व ‘क्ष’ सारखी जागा खात नाहीत, तेव्हा शेवटचं माप प्रिंटरच्या ठिपक्यांतच घ्यावं.

हे काम अवघड नाही. ते होत नाही, कारण विकत घेणारा कारखानदार मराठी नमुना छापून मागतच नाही. कर्जासाठी पुढे करायची चिठ्ठी हीच, आणि तिच्यावरच माणसाचं नाव तुटलेलं, हे मला सहन होत नाही. सॉफ्टवेअरचे पैसे चुकते करण्याआधी हजेरीपटावरची सगळी नावं, जोडाक्षरवाली आधी, छापून बघा. एक जरी मोडलं तरी बिल अडवा. माझंही अडवा.