गुळवेल की अश्वगंधा?

पिरंगुटहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. मधुमेहाची आणि थायरॉईडची गोळी त्यांना रोज घ्यावी लागते. अंगणातल्या कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचा काढा ते करोनाच्या काळापासून नेमाने घेतात. आता झोप लागत नाही म्हणून शेजाऱ्यांनी अश्वगंधेच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत. “दोहोंपैकी गुणकारी कोणते, आणि दोन्ही एकत्र चालतील का?” असे त्या विचारतात. हा प्रश्न अनेक घरांतला असल्यामुळे उत्तर या सदरातून देत आहे.

प्रथम गुळवेल. तिचा आधुनिक कसोटीवरचा अभ्यास आपल्याच महाराष्ट्रात झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तमार्ग तुंबल्याने कावीळ झालेल्या 30 रुग्णांचे दोन गट केले होते. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळाले. एका गटाला त्याखेरीज गुळवेल दिली गेली. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गुळवेल न घेतलेल्यांपैकी निम्म्यांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणे दिसली. गुळवेल घेतलेल्यांत एकातही नाही. पुढे 2005 साली ॲलर्जीच्या सर्दीच्या 75 रुग्णांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला, त्यातही शिंका आणि नाक वाहणे कमी झाले. अभ्यास छोटे, पण दुर्लक्ष करावे असे नव्हेत.

नाण्याची दुसरी बाजूही मुंबईतच दिसली. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत तेथील यकृततज्ज्ञांकडे गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृतदाह होऊन आले; त्यांतील एक दगावला. नंतर देशभरातील 13 केंद्रांतून अशा 43 रुग्णांची नोंद झाली. गुळवेल शरीराची प्रतिकारशक्ती चाळवते. ज्यांच्या शरीरात ही शक्ती स्वतःवरच उलटण्याचा कल असतो, त्यांच्या यकृतावर ती घसरत असावी, अशी मीमांसा तज्ज्ञांनी केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली गेली असावी, असा त्यांचा आक्षेप होता. हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. केईएममध्ये मोजलेली मात्रा ठरावीक काळ, देखरेखीखाली दिली होती. अंगणातला काढा वर्षानुवर्षे, अंदाजाने घेतला जातो. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या पदरात टाकता येत नाही.

आता अश्वगंधा, म्हणजेच आस्कंद. झोपेच्या बाबतीत तिची बाजू अधिक भक्कम आहे. 2021 साली पाच प्रयोगांतील 400 व्यक्तींची माहिती एकत्र करून पाहिली असता झोपेत सुधारणा आढळली; ती लहान होती, पण खरी होती. दिवसाला 600 मिलिग्रॅम अर्क किमान आठ आठवडे घेणाऱ्यांत ती अधिक दिसली. 65 ते 80 वयाच्या 50 जणांवरील बारा आठवड्यांच्या वेगळ्या प्रयोगातही असाच कल दिसला. मात्र हे सारे प्रयोग काही आठवड्यांचेच आहेत. वर्षभर घेतल्यास काय होते, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

धोकेही जाणून घ्यावेत. अश्वगंधेनंतर कावीळ झालेल्या पाच रुग्णांची नोंद आइसलँड आणि अमेरिकेतून 2020 साली झाली. ती थायरॉईडचे संप्रेरक वाढवू शकते. म्हणून थायरॉक्सिन घेणाऱ्याला एकूण मात्रा जास्त होऊन छातीत धडधड, हातांना कंप आणि उलट निद्रानाशच व्हायचा. झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढते, आणि रात्री उठताना पडण्याची भीती असते. मधुमेहाच्या औषधाबरोबर गुळवेल आणि अश्वगंधा दोन्ही साखर अधिक उतरवू शकतात.

तेव्हा ‘गुणकारी कोणते’ यापेक्षा ‘कशासाठी आणि कोणासाठी’ हे विचारणे योग्य. झोपेसाठी पुरावा अश्वगंधेच्या बाजूला आहे. परंतु थायरॉईडची गोळी घेणाऱ्या आपल्या सासऱ्यांसाठी ती डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरू करू नये. रोजच्या काढ्याने निरोगी माणसाचे आयुष्य वा बळ वाढते, याला पुरावा नाही. तो तूर्त थांबवावा. दोन्ही एकत्र घेतल्यास, काही बिघडले तर दोष कोणाचा हेही कळणार नाही.

पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांबरोबर कॅप्सूलची बाटलीही पिशवीत घाला आणि काढ्याचे प्रमाण कागदावर लिहून न्या. यकृताची आणि थायरॉईडची रक्ततपासणी करण्याविषयी विचारा. डोळे वा लघवी पिवळी होणे, अन्नावरची वासना जाणे, अंगाला खाज सुटणे, यांपैकी काही दिसल्यास सारे बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आणि सासऱ्यांना हे सांगताना काढ्याला नावे ठेवू नका. ज्या वेलीने कठीण काळात त्यांना धीर दिला, तिच्याविषयी त्यांच्या मनात माया असणारच. वेल कडुनिंबावर सुखाने राहू द्या. पेला मात्र डॉक्टरांना विचारूनच भरा.