पत्त्यांच्या वहीचें शुद्धिपत्र

ग्रंथाच्या शेवटीं शुद्धिपत्र जोडण्याची चाल जुनी आहे. मुद्रणांतील चूक वाचकास दिसते आणि तो ती मनांत सुधारून पुढें जातो. पत्त्यांतील चुकीचें तसें नाहीं. ती लिहिणारास दिसत नाहीं, आणि तिचें फळ मात्र दुसऱ्यास भोगावें लागतें. हल्लीं बहुतेक घरांतील पत्रव्यवहार ई-मेलनें चालतो, व पत्त्यांची वही घरांतील एखादा तरुण सर्वांकरितां सांभाळतो. तेव्हां या महिन्यांत त्या वहीच्या शोधनाचा विचार करूं.

नांव हें पत्त्यास पुरेसें नसतें, ही गोष्ट टपालखात्यास फार पूर्वीं उमगली. एकाच नांवाचीं अनेक गांवें, आणि पत्ते लिहिणाऱ्यांच्या लिपि निरनिराळ्या, यांमुळें होणारा घोटाळा मोडण्यासाठीं १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्यांतील पहिला अंक विभागाचा. महाराष्ट्राचा तो ४. पहिल्या तीन अंकांवरून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन अंक वांटप करणारें कचेरीघर दाखवितात. या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यांतील अधिकारी तर होतेच, पण संस्कृत कवीहि होते. शब्द अनेकार्थी असूं शकतो, हें ज्यानें जन्मभर अनुभविलें त्यानेंच पत्त्याला अंकांचा आधार द्यावा, हें योग्यच झालें.

ई-मेलच्या पत्त्यांतील ‘ॲट’ हें चिन्ह रे टॉमलिन्सन यांनीं १९७१ सालीं योजिलें. चिन्हाच्या डावीकडे माणूस, उजवीकडे त्याचें टपालघर. गांवचा टपालवाला माणसें ओळखतो, म्हणून अर्धवट पत्त्याचें पत्रहि तो घरपोंच करतो. यंत्र माणूस ओळखत नाहीं. तें अक्षरें ओळखतें. आमच्या कापूरहोळास महामार्ग सोडून एक वाट भोरला जाते व दुसरी नारायणपुरास; वळण चुकलें तर गाडी कितीहि चांगली असली तरी उपयोग नाहीं. तीच गति येथें आहे. शिवाय आपलीं नांवें इंग्रजींत लिहितांना एकवाक्यता नसते. दीक्षितांपैकीं कोणी ‘एक्स’ घालतात, कोणी ‘के-एस-एच’. आणि ‘ळ’ला तर त्या लिपींत स्वतंत्र अक्षरच नाहीं.

चुका दोन जातींच्या. पत्ता मुळींच अस्तित्वांत नसेल तर पत्र बहुधा परत येतें व कारणहि सांगतें. ही चूक बरी म्हणावयाची. पण पत्ता खरा असून दुसऱ्याच मनुष्याचा असेल, तर पत्र मुकाट्यानें त्याच्याकडे जातें. आमच्या माहितीच्या एका कुटुंबांत मौंजीचें निमंत्रण थोरल्या काकांऐवजीं त्याच नांवाच्या अनोळखी गृहस्थांस गेलें. पत्र परत आलें नाहीं, म्हणून तें पोंचलें असें सर्वांनीं मानलें. मुंज पार पडली. काका आले नाहींत, आणि इकडे कोणी विचारलेंहि नाहीं. त्यांचा रुसवा निघावयास दोन वर्षें लागलीं. निमंत्रणाच्या जागीं वैद्यकीय तपासणीचा कागद असता, तर घरची गोष्ट परक्याच्या हातीं पडली असती.

शोधन असें करावें. आधीं सबंध वहीची नक्कल ‘एक्सपोर्ट’ करून वेगळी ठेवावी. मग एका माणसाच्या दोन-तीन नोंदी असल्यास त्या एकत्र कराव्या. नांवाशेजारीं नातें व गांव लिहावें; ‘काका’ एवढेंच लिहिलें तर तें कोणाचे काका, हें पुढच्या पिढीस कळणार नाहीं. टिंबाच्या जागीं स्वल्पविराम किंवा मध्येंच मोकळी जागा पडली आहे काय, तें पाहावें.

इतकें करूनहि जुनी चूक पुन्हां डोकें वर काढते, याचें कारण निराळें आहे. दोन अक्षरें टंकितांच यंत्र जो पत्ता पुढें करतें, तो नेहमीं वहींतलाच असतो असें नाहीं. आउटलुक अशा सूचनांची वेगळी यादी ठेवतें. त्यांतील चुकीच्या पत्त्यापुढील फुली दाबून तो काढावा लागतो. थंडरबर्ड व जीमेल हीं ज्यांस आपण पत्र पाठविलें त्यांचे पत्ते निराळ्या कप्प्यांत आपण होऊन जमवितात. वही शुद्ध केली आणि तो कप्पा तसाच राहिला, तर काम अर्धेंच झालें. जीमेलवाल्यांस एक दिलासा आहे: वहींतील फेरफार चुकले तर तीस दिवसांपर्यंत मागें घेतां येतात.

शेवटीं एक नाजूक गोष्ट. दिवंगत वडीलधाऱ्यांचे पत्ते पुसावयास हात धजत नाहीं, हें स्वाभाविक आहे. ते पुसूं नयेत. वेगळ्या कागदावर उतरून ठेवावे, पण चालू वहींतून मात्र काढावे. नाहीं तर दिवाळीचें शुभेच्छापत्र त्यांच्या नांवें जातें, आणि त्यांची पेटी अजून उघडून पाहणाऱ्या पत्नीच्या किंवा मुलाच्या दृष्टीस पडतें. ज्या पत्त्यांविषयीं शंका असेल, तेथें दूरध्वनि करून विचारावें. त्या निमित्तानें चार शब्द बोलणें होतें, तें निराळेंच.