ओळखीच्या भिंती

एका लेखकाने दुसऱ्याला केलेला नमस्कार बहुधा अर्पणपत्रिकेत असतो, फार तर एखाद्या वाक्यात लपलेला असतो. वाचकाच्या तो लक्षात आला नाही तरी कादंबरीचे काही अडत नाही. व्हिडिओ गेममध्ये हा नमस्कार निराळ्या रीतीने घडतो. तेथे जुन्या खेळातली जागाच तिच्या खड्ड्यांसह, भिंतींसह, वळणांसह नव्या खेळात पुन्हा बांधली जाते आणि खेळणाऱ्याला तिच्यातून चालत जावे लागते. या माध्यमाचे नाव काढले की आपल्याकडचे साहित्यिक नाक मुरडतात. निवृत्तीनंतर मी यातले बरेच खेळ खेळलो आणि पूर्वसुरींशी कसे वागावे याचा विचार या मंडळींनी आपल्यापेक्षा कमी केलेला नाही, असे माझे मत झाले.

१९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली लेव्हल, म्हणजे पहिला टप्पा, आठवून पाहा. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांवर तो आपल्याकडच्या कितीतरी घरांत पोचला होता. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेल्या या टप्प्यात मारिओ डाव्या बाजूला उभा असतो, उजवीकडे सगळे मोकळे. कुठे जायचे ते कोणी सांगत नाही, पण कळते. समोरून एक बुटका प्राणी चालत येतो, वर प्रश्नचिन्हाचा ठोकळा असतो. ठोकळ्याला डोके आपटले की अळंबे निघते, पुढच्या पाइपला धडकून उलट फिरते आणि तुमच्याच अंगावर येते. ते घेतले की मारिओ मोठा होतो. असा एकेक धडा डोक्यापेक्षा अंगठ्यांत जास्त मुरतो. म्हणूनच ती जागा दुसरीकडे कुठे भेटली, तर ओळख आधी हातांना पटते.

या ओळखीतून एक अख्खी कंपनी जन्माला आली. १९९० च्या सप्टेंबरात, अमेरिकेतल्या श्रीव्हपोर्ट गावी, जॉन कारमॅक आणि टॉम हॉल या दोन तरुणांनी ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ची पहिली लेव्हल रातोरात एका साध्या पीसीवर जशीच्या तशी उभी केली. कारमॅकला पीसीच्या पडद्यावर चित्र सलग सरकवण्याची युक्ती सापडली होती, ती दाखवायला याहून बरी जागा कोणती? मारिओच्या जागी त्यांनी सहकारी जॉन रोमेरो याचे ‘डेंजरस डेव्ह’ हे पात्र घातले, नाव ठेवले ‘डेंजरस डेव्ह इन कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट’ आणि फ्लॉपी रोमेरोच्या टेबलावर ठेवून दिली. चोरीचे नाव चोरीच ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा मला आवडतो! पुढे त्यांनी मारिओचाच नमुना करून निन्टेंडोला दाखवला. निन्टेंडोला पीसीत रस नव्हता. मग त्याच तंत्रावर त्यांनी डिसेंबरात स्वतःचा ‘कमांडर कीन’ काढला आणि १९९१ मध्ये ‘इड सॉफ्टवेअर’ स्थापन झाली.

ऋण फेडण्याची सवय मात्र सुटली नाही. १९९२ च्या त्यांच्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’त एक गुप्त टप्पा आहे. त्यात १९८० च्या ‘पॅकमॅन’चा चक्रव्यूह आहे आणि त्यातली भुतेही आहेत, जी मारता येत नाहीत. १९९४ च्या ‘डूम २’मध्ये पंधराव्या टप्प्यावरची लपलेली वाट सापडली, तर तुम्ही थेट वुल्फेन्स्टाइनच्याच निळ्या दगडी भिंतींत जाऊन पोचता. त्याच्या पुढच्या गुप्त दालनात कमांडर कीनच्या चार प्रतिमा फासावर लटकत असतात आणि त्यांना गोळ्या घातल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. कीनचा जनक टॉम हॉल आदल्याच वर्षी, १९९३ मध्ये, कंपनी सोडून गेला होता. याला आदरांजली म्हणावे की घरातली कुचेष्टा, हे ज्याने त्याने ठरवावे. मला ते दालन पाहून हसू आले नाही.

सगळेच नमस्कार मनापासून असतात असेही नाही. ‘सॉनिक’ या मालिकेतली १९९१ ची हिरवी टेकडी, ‘ग्रीन हिल’, २०११ मध्ये ‘सॉनिक जनरेशन्स’मध्ये पुन्हा आली. वीस वर्षांचा सोहळा होता, तेव्हा ठीक. पण २०१७ मध्ये आलेल्या ‘सॉनिक मेनिया’ आणि ‘सॉनिक फोर्सेस’ या दोन्ही खेळांत पुन्हा तीच टेकडी! ही जुन्या ठेवीच्या व्याजावर चाललेली गुजराण होय.

याच्या नेमके उलट हिदेओ कोजिमा याने केले. १९९८ च्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये नायक स्नेक अलास्काजवळच्या शॅडो मोझेस या बर्फाळ बेटावर उतरतो. २००८ च्या चौथ्या भागात तो तेथे परततो. त्याआधी त्याला स्वप्न पडते आणि त्या स्वप्नात आपण जुनाच खेळ, जुन्याच ठोकळेबाज चित्रांत खेळू लागतो. जाग आल्यावर स्नेक अकाली म्हातारा झालेला, कंबर धरणारा असतो. समोर तेच हेलिपॅड, पण ओसाड, पडझड झालेले. ज्या कोपऱ्यात दहा वर्षांपूर्वी पहारेकऱ्यांना चुकवत श्वास रोखून बसलो, तो कोपरा आज रिकामा. मधूनच जुने संवाद कानांवर येतात. जागा तीच ठेवून काळ बदलल्यामुळे खेळणाऱ्याला स्वतःचे वय समजते. साठी उलटलेल्या माणसाने हे खेळून पाहावे.

पण हे बेट पुन्हा बांधता आले, कारण दोन्ही खेळ एकाच कंपनीचे होते. बाहेरच्या माणसाने हेच केले की वकिलाची नोटीस येते. १९९१ च्या ‘मेट्रॉइड २’ची एका चाहत्याने वर्षानुवर्षे खपून केलेली नवी रचना ऑगस्ट २०१६ मध्ये फुकट प्रसिद्ध झाली आणि काही दिवसांतच निन्टेंडोच्या हरकतीमुळे संकेतस्थळांवरून उतरवावी लागली. पुढच्या वर्षी कंपनीने स्वतःची आवृत्ती विकायला आणली. बँकेत आयुष्य काढल्यामुळे मालकीहक्काचे कागद मला क्षुल्लक वाटत नाहीत, पण लॉकरची किल्ली जवळ असणे आणि आतला दागिना जपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’च्या २०२३ च्या पाहणीत, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्धच नव्हते. मूळ घर असे कुलूपबंद असताना कित्येकांना त्याच्या भिंती दिसतात त्या अशा नकलांतूनच.

निन्टेंडोने १९९० मध्ये परत पाठवलेल्या त्या मारिओच्या नमुन्याची एक प्रत अनेक वर्षांनी सापडली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर येथील ‘द स्ट्राँग’ या खेळांच्या संग्रहालयाने २०२१ मध्ये ती आपल्या संग्रहात आल्याचे जाहीर केले.