पोरांनो, ती सुई खाली ठेवा

गणपती कारखान्यातून बाहेर पडले की हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पेणच्या आपल्या पट्ट्यात पोरांच्या हातात एकरकमी पैसा येतो. वर्षभर साचे भरणारी, घासकाम करणारी, रंगाची गन धरणारी ही आपलीच मुलं. हिशेब झाला की कुणी मोबाइल घेतो, कुणी गाडीचा हप्ता फेडतो. पण गेली काही वर्षं त्यातले काही पैसे काचेच्या छोट्या कुपीत जात आहेत, म्हणून हे लिहायला बसलो. दिवाळीनंतर गावोगावच्या शरीरसौष्ठवाच्या 'श्री' स्पर्धांचे बॅनर लागतील. त्याआधीचे हे महिने म्हणजे सुयांचा 'कोर्स' सुरू करायचे महिने. आता बोललो नाही तर उशीर होईल.

मागच्या पावसाळ्यात कारखान्यात रंगाच्या डब्यांमागे मला एक पिशवी सापडली. आत तीन कुप्या आणि एकच वापरलेली सिरिंज. औषध तेलासारखं, पिवळसर. एका कुपीचं लेबल अर्धं फाटलेलं. दुसरीवरची तारीख अंगठ्याने घासली तर शाई अंगठ्याला लागली. पिशवी ज्याची होती तो 19 वर्षांचा मुलगा दोन दिवस उभ्यानेच काम करत होता, कारण त्याला बसवत नव्हतं. कमरेखाली सुई टोचलेल्या जागी लिंबाएवढं गळू झालं होतं. डॉक्टरकडे चिरा देऊन पू काढावा लागला. कुणी दिलं विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "काका, सगळेच मारतात." ती एक सिरिंज तो आणि त्याचा मित्र दोघंही वापरत होते. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही पसरायला याहून सोपा रस्ता नाही, हे त्या दोघांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आधी एक गोष्ट घरच्यांसाठी. दम्याला किंवा ॲलर्जीला डॉक्टर जे स्टेरॉइड देतात, ते वेगळं. ते औषध घाबरून बंद करू नका. मी बोलतोय ते ॲनाबॉलिक स्टेरॉइडबद्दल. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाच्या शरीरात मुळात तयार होणारं संप्रेरक. जिममध्ये 'टेस्टो', 'डेका', 'डायनाबोल' म्हणून जे फिरतं ते म्हणजे तेच किंवा त्याचे बनवलेले भाऊबंद, आणि तेही गरजेच्या कित्येक पट मात्रेत. स्नायू वाढतात, हे खरं आहे. खोटं सांगून कुणाला घाबरवायचं नाही. खरं तेच पुरेसं आहे.

बाहेरून संप्रेरक आलं की मेंदू वृषणांना काम थांबवायचा निरोप देतो. वृषणं आकसतात, शुक्रजंतू कमी होतात, काही जणांत संपतातच. कोर्स थांबल्यावर ते परत यायला कित्येक महिने, कधी वर्षं लागतात, आणि काहींचे पूर्वीसारखे होतच नाहीत. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं काही प्रमाणात स्त्रीसंप्रेरक होतं, म्हणून पुरुषाच्या छातीला गाठी येतात. 16-17 वर्षांच्या मुलाच्या हाडांची टोकं वेळेआधी जुळतात आणि उंची तिथेच थांबते. लग्नानंतर मूल होत नाही तेव्हा आपल्याकडे बोट सुनेकडे जातं. त्या मुलाच्या जुन्या कुप्या कुणाला आठवत नाहीत.

आणि हृदय. चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, वाईट वर जातं, रक्त घट्ट होतं, हृदयाची भिंत जाड होते. अमेरिकेतला डॅलस मॅकार्व्हर हा नावाजलेला शरीरसौष्ठवपटू ऑगस्ट 2017 मध्ये गेला, अवघ्या 26 व्या वर्षी. शवविच्छेदनात त्याचं हृदय 833 ग्रॅम भरलं. निरोगी माणसाचं साधारण 300 ग्रॅम असतं. ऑस्ट्रियाचा आंद्रेयास म्युन्झर 1996 मध्ये 31 व्या वर्षी गेला. त्याचं यकृत आणि मूत्रपिंडं निकामी झाली होती. या लोकांकडे पैसा होता, डॉक्टर होते, जगातली महागडी औषधं होती. आपल्या पोराकडे शाई पुसली जाणारी कुपी आहे.

घाईचं काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शाडूची मूर्ती सावलीतच सुकवावी लागते. उन्हात ठेवली तर वरून सुकलेली दिसते आणि मानेपाशी तडा जातो. स्टेरॉइडवर स्नायू भराभर फुगतो, पण त्याला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा तेवढ्या वेगाने मजबूत होत नाहीत. मग एखाद्या दिवशी जड वजन उचलताना त्या फाटतात.

'याच्याशिवाय होतच नाही' असं सांगणाऱ्याला 1952 हे साल सांगा. त्या वर्षी कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीत ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं. त्याच वर्षी बंगालचे मनोहर आइच मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या गटात पहिले आले. उंची पाच फुटांच्याही आत. ते 2016 मध्ये गेले तेव्हा शंभरी ओलांडून गेले होते. डायनाबोलची गोळी बाजारात आली ती त्यानंतर, 1958 मध्ये. अमेरिकेच्या वेटलिफ्टरांना ती देणारे डॉक्टर जॉन झिगलर यांना पुढे त्याचा पश्चात्ताप झाला.

आता आणखी एक नवं विष फिरतंय, मेफेंटरमाइन. भूल देताना रुग्णाचा रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायचं हे औषध. त्याने तसूभरही स्नायू वाढत नाही. फक्त नाडी धावते, थकवा कळत नाही, आणि सवय लागते. पुणे आणि सांगलीसारख्या ठिकाणी पोलिसांनी अशा इंजेक्शनांचे साठे पकडले आहेत, आणि गिऱ्हाईक बहुतेक जिमला जाणारी तरुण मुलंच होती. हे औषध आणि ॲनाबॉलिक स्टेरॉइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणं गुन्हा आहे.

अंग कमवायचं असेल तर कमवा, त्यासारखा आनंद नाही. व्यायामाच्या पहिल्या वर्षी शरीर सगळ्यात वेगाने भरतं, त्याला सुईची गरज नसते. 60 किलोच्या मुलाला दिवसाला 90-95 ग्रॅम प्रथिनं पुरतात. अंड्यात 6 ग्रॅम असतात. 100 ग्रॅम सुक्या बोंबलात साठेक ग्रॅम, फक्त मीठ निघेल इतके भिजवून घ्या. वाल आहेत, चणे आहेत, सोयाबीन आहे, खाडीची मासळी आहे. पोपटीच्या मडक्यात अंडी आणि वालाच्या शेंगा एकत्र शिजवणाऱ्या आपल्या लोकांना डब्यातल्या पावडरीची सक्ती कुणी केली? आणि रात्रीची झोप आठ तास. ती मात्र मोबाइलने खाल्ली आहे.

जिम चालवणाऱ्यांनो, तुमच्या आवारात कुप्या विकणारा ट्रेनर असेल तर त्याला आजच काढा. मुलाच्या आईने तुमच्या तोंडाकडे बघून त्याला पाठवलंय. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनो, असा माल विकणाऱ्याची वर्गणी घेऊ नका आणि त्याचं नाव बॅनरवर लावू नका. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या 2023 च्या आकड्यांत भारताचे साडेपाच हजारांवर नमुने तपासले गेले आणि दोनशेहून अधिक नमुन्यांत बंदी असलेली द्रव्यं सापडली. पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात वाईट होतं. ही लाज गावच्या व्यासपीठापासूनच सुरू होते. चिठ्ठीशिवाय विक्री दिसली तर अन्न व औषध प्रशासनाला 1800-222-365 वर कळवा.

आईबापांनो, मुलाचं वजन दोन महिन्यांत दहा किलोने वाढलं, पाठीवर मुरुमांचे थर आले, तो विनाकारण चिडू लागला, तर आधी ओरडू नका. शेजारी बसा आणि विचारा.

आणि ज्यांनी सुरू केलंय त्यांना. तुमच्यावर माझा राग नाही. थांबायचं आजच ठरवा, पण एकट्याने लपूनछपून थांबू नका. कोर्स सुटला की शरीर उतरतं, मन खचतं, जगावंसं वाटत नाही, असं अनेकांचं होतं. तसं वाटलं तर 14416 या मानसिक आरोग्य मदतवाहिनीवर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. छातीत दुखलं, धाप लागली तर जिममध्ये पाणी पीत बसू नका, 108 ला फोन करा. आणि घरात, बॅगेत, कारखान्यातल्या फळीवर जी कुपी लपवली असेल, ती उद्या सकाळी घ्या आणि पेणला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून काय घेतलं, किती घेतलं, कधीपासून घेतलं, सगळं खरं सांगा. सोबत कुणी हवं असेल तर मी येतो.